अकरा पानांवर एक शेरा

पसरट. पसरट म्हंजे पसरलेलं, आसंच की मास्तर? न्हाय, परत वाचा, त्या जाड पुस्तकात काय दिलंय ते बोट ठेवून वाचा, माझा आज माझ्याच कानावर भरवसा न्हाय. पाल्हाळाचं. लांबण लावलेलं. दोन शब्दांत भागतंय तितं वीस घातलेलं. बरं — बरं बरं. म्हंजे कलम न्हवं हे? फौजदारीतलं न्हवं, लष्करी कायद्यातलं न्हवं, ह्याला आत घाला म्हणून हुकूम न्हवं — तुमी शाळेत पोरांच्या निबंधावर मारता तसला नुसता शेरा? डिफ्यूज. ह्यो एक शब्द तोंडात धरून मी छावणीपासनं बाळीवेशीपातूर चालत आलो बघा, वाटेत विसरीन म्हणून कुणाला शरणार्थ, रामराम बी केला न्हाय. कागदावर लिहिलेला हाय ते खरं, पर कागद उघडायला धीर पायजे की. वैनी, वाईच पाणी देता का? वैनी घरातच हायत न्हवं? हायत. बरं झालं. म्हंजे — बरं झालं म्हंजे, पाणी मिळंल म्हणून म्हणालो. दार लोटून घेऊ का? ऊन येतंय आत.

तुमाला ठाऊकच हाय, मी काय इंग्रजी शिकलेला माणूस न्हवं. शिवलिंगप्पा अर्जनवीस म्हणून लोक ओळखतात ते मराठी अर्जासाठी. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पेटी मांडून अठ्ठावीस वर्षं बसलो. मोडीत लिहिलं, बाळबोधीत लिहिलं, अक्कलकोटाकडनं कुणी आलं तर त्याचं कानडी ऐकून मराठीत लिहिलं. इंग्रजी म्हणाल तर तीन इयत्ता, आणि फुडं दुसऱ्यांचे कागद नकलून नकलून जे हाताला चिकटलं तेवढं. आता कोर्ट जळून गेलं, लिंबाचा पाला करपला, गावात गोरे शिपाई आले, आणि अर्ज ऐकायला बसला त्यो साहेब. त्याला मराठीचं अक्षर येत न्हाय. आणि तशात ही गोजाबाई माझ्या पायाशी येऊन बसली. मायाप्पाची आई. नातेपुत्याकडची धनगरीण, तीन दिस चालत आली बिचारी, पायात वहाण न्हाय. म्हणाली, माझ्या लेकाला धरलंय, पोलिसांची चौकी जळाली त्या सकाळी काळं घोंगडं पांघरलेला माणूस रॉकेलचा डबा घेऊन पळाला आसं कुणी तरी सांगितलं, म्हणून धरलंय. आता मला सांगा मास्तर, काळं घोंगडं ही काय खूण झाली? मेंढरं काळी, लोकर काळी, घोंगडं काय पांढरं निघणार? मायाप्पा हितं घोंगडी इकायला आलेला. त्याचा निकाल परवा सकाळी हाय. उद्या बारा वाजायच्या आत अर्ज साहेबाफुडं पोचला तर पोचला, न्हायतर सात-सात वर्षं खडी फोडायला पाठवालेत, तुमी बघताय की.

म्हणून मी लिहिला. इंग्रजीत लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा. भ्या वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पर म्हातारी उठंना. आणि मग कलम हातात घेतली आणि — कसं सांगू — चालाय लागली. आमची लिहायची एक रीत हाय, मास्तर. माझे गुरू होते, ईरप्पाअण्णा, आंधळे झाले तरी तोंडानं अर्ज सांगायचे. ते म्हणायचे, शिवलिंग, ज्याला खोटं बोलायचं त्यो आटोपतं घेतो, आणि ज्याच्यावर खरंच गुदरलंय त्याला सगळं आठवतं, त्या दिवशी काय जेवला ते बी आठवतं. म्हणून जेवण लिही. दारात बांधलेली म्हैस लिही. आपल्या मनानं कुणी रचणार न्हाय आसली एक तरी बारीक गोष्ट लिही, मामलेदाराला तितंच खरं वाटतं. आणि खोटं न्हाय मास्तर, वाटायचं. माझ्या अर्जांनी माणसं सुटल्यात. लोक म्हणायचे, शिवलिंगप्पानं लिहिलं की डोळ्यांफुडं उभं राहतंय. ह्याचा मला अभिमान होता. होता म्हणतो मी.

तर अकरा पानं झाली. फुलस्केप. पहिल्या पानावर नुसतं साहेबाला वंदन, त्याच्या घरच्यांना आयुष्य, बादशहाला आयुष्य. दुसऱ्यावर मायाप्पाचा आजा, बाप, किती मेंढरं, कंच्या साली दुष्काळ पडला आणि किती मेली. तिसऱ्यावर लोकर कातरण्यापासनं घोंगडं कसं होतं ते सगळं — चिंचोक्याची खळ कशी लावतात, ताठ राहावं म्हणून. हे घोंगडं त्याचंच न्हवं, मी बसलोय ते? वास येतोय की अजून खळीचा. हां. मग गोजाबाईची लग्नापासनची हकीकत. चिंचोक्याला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक न्हवतं म्हणून त्याचंच एक अर्धं पान वर्णन झालं. तुमी हसालाव. हसा. मला बी हसू आलं आसतं दुसऱ्या कुणाचं आसतं तर.

आज दुपारी बारा वाजता मला बोलवणं आलं. दोन शिपाई आले पेटीपाशी, संगिनी लावलेल्या. मी उठलो तर धोतराचा सोगा पेटीत अडकला, पेटी उपडी झाली, शाई सांडली, ती तशीच टाकून गेलो. साहेबानं मला बघितलं बी न्हाय. हेडक्लार्कनं अर्ज परत हातात दिला. वर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं ह्यो एकच शब्द. उद्या एका पानात लिहून आण म्हणाला. बाहेर आलो. कुणाला इचारावं? वकिलांकडं जायाची सोय न्हाय, अर्धे आत हायत, उरलेले दार उघडत न्हाईत. म्हणून म्हटलं वीरभद्रप्पा मास्तरांकडं जावं, त्यांच्याकडं पुस्तक हाय. एवढ्याचसाठी आलो. शब्दाचा अर्थ कळला, काम झालं माझं.

पाल्हाळ. आता मी काय म्हणतो मास्तर, तुमी शिकवता म्हणून तुमाला इचारतो. माणूस पाल्हाळ म्हणाला म्हंजे त्यो कंटाळला, न्हवं का? आणि कंटाळला म्हंजे त्यानं फुडचं काय वाचलं नसणार. दोन पानं चाळली, मेंढरं बघितली, चिंचोके बघितले, वैतागून शेरा मारला आणि टाकलं. आसंच झालं आसणार की. तुमी पोराच्या निबंधावर पाल्हाळ म्हणून लिहिता तवा काय सगळा निबंध वाचता? दोन ओळींतच कळतंय की तुमाला. काय? सगळा वाचता? शेवटपातूर? शेवटपातूर वाचल्याबिगर शेरा मारत न्हाय म्हणताय. तुमी मारत नसाल, तुमी सरळ माणूस. साहेब लोकांचं वेगळं आसंल. त्यांना ऊन सोसत न्हाय, दुपारी डोळा लागतो त्यांचा. वैनी, आणखी वाईच पाणी.

न्हाय, अर्ज कशाला बघता तुमी? माझं इंग्रजी बघून तुमाला लाज वाटंल. बरं, हे पहिलं पान बघा, ह्यात काय न्हाय. दुसरं बघा. मेंढरांचा आकडा बघा, म्हातारीनं एक-एक नावानं सांगितली, मी बी नावं घातली, मग काय करणार. सातवं कशाला? सातवं मुठीत धरलंय, ते आपलं सहज, घामानं चिकटलंय. तुमाकडं घड्याळ हाय का हो भिंतीवर? हां, ते तिकडं. तीनला वीस कमी. बरोबर चालतंय ना ते? बरं हाय घर तुमचं. थंड हाय. वरचं मातीचं माळवद जाड हाय म्हणून. शेजाऱ्याचं माळवद ह्याला लागूनच हाय न्हवं, भिंत सामाईक? हां. आपल्या सोलापुरात एका टोकाला माळवदावर चढलं तर दुसऱ्या टोकाला उतरता येतंय, आमी लहानपणी पतंगामागं जायचो. सहज आठवलं.

तुमी माझ्याकडं आसं बघू नका, मास्तर.

मला एक खोड हाय. दुसरी माणसं भ्याली की त्यांची वाचा जाते. मी भ्यालो की बोलतो. लहानपणापासनं. पंतोजीनं छडी उचलली की मी बोलाय लागायचो, आणि बोलता बोलता ज्याचं नाव न्हाई घ्यायचं त्याचं घ्यायचो. पार्वतम्माला इंचू चावला, माझ्या बायकोला, तवा मी वैद्याच्या दारात पळत गेलो आणि सुरू काय केलं? सकाळी काय शिजवलं होतं, चुलीमागं शेणी कशा रचल्या होत्या, त्या कुणी रचल्या होत्या. वैद्य दोनदा म्हणाला, आरं झालं काय? ती घरी तळमळालीय आणि मी शेणी सांगालोय. वाचली ती, पर आजून तोंड उघडलं की तेच काढते. म्हणते, तुमी मला बोलून बोलून मारलं आसतं. आता तुमी म्हणाल शिवलिंगप्पा, आज तर तुमी लई बोलालाव. व्हय. लई बोलालोय. मला भ्या वाटालंय, मास्तर.

घ्या. हे सातवं पान. वाचू नका, मीच सांगतो, तुमी वाचलं तर मला बघवणार न्हाय. मायाप्पा त्या सकाळी चौकीपाशी न्हवताच. त्यो हितं होता. तुमच्या घरी. हे घोंगडं द्यायला आलता, तुमच्या सासऱ्यासाठी तुमी सांगून ठेवलं होतं ते. नऊला आला आणि बारा-साडेबारापातूर बसला. हेच त्याला वाचवणार हाय, दुसरं कायच न्हाय त्याच्याकडं. गोजाबाईनं त्याला गजाआडनं इचारलं आणि तिनं येऊन मला सांगितलं, आणि मी लिहिलं. तुमचं नाव लिहिलं. वीरभद्रप्पा मास्तर, बाळीवेस. न्हाय, तेवढ्यानं काय बिघडत न्हवतं, मला बी तसंच वाटलं होतं, मास्तर प्रतिष्ठित माणूस, साहेब म्हणंल बरं बरं. इतकं लिहून थांबलो आसतो तर झालं आसतं. पर आमची रीत. जेवण लिही. तर मी ताक लिहिलं. वैनींनी त्याला ताक दिलं, हिंग-जिऱ्याचं, दोनदा दिलं, आणि भाकरी. मग म्हातारी म्हणाली, आणि अण्णा, माझ्या लेकरानं तितं एक नवल बघितलं.

आता ऐका. त्या पोराला काय ठाऊक? मेंढरामागचं पोर. त्यो म्हणाला, आत पाच माणसं बसली होती. एक लाकडाची चौकट होती आणि एक रूळ, रुळाला काळी शाई. मास्तर त्यो रूळ चौकटीवरनं फिरवायचे आणि खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरं उमटायची. पुन्हा कोरा ठेवला, पुन्हा उमटली. तीच अक्षरं. त्यो तितंच बसून राहिला म्हणे, भाकरी खायची विसरला. म्हातारीनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर पहिल्यांदा वाईच हसू आलं, मास्तर. आणि मला वाटलं, ईरप्पाअण्णा म्हणायचे ती गोष्ट हीच. मनानं कुणी रचणार न्हाय आसली. धनगर आपल्या मनानं रूळ कुठनं काढंल?

मला कळलं न्हवतं का? इचारा की, इचारा. मला बी सकाळी वाचायला मिळतात की ते सरकारविरुद्धचे कागद, बोळाबोळात भिंतींवर चिकटलेले. बालाजीच्या देवळामागं शिपायांना मी माझ्या डोळ्यांनी ते खरवडताना बघितलंय. ते कोण छापतंय म्हणून सगळी छावणी गावभर हुडकालीय, हे न कळायला मी काय नातेपुत्याहून आलो? कळलं होतं. लिहिताना मनात आलं होतं बघा, शिवलिंग, हे गाळ. पर कलम चालली होती. वाक्य लई चांगलं जमालं होतं. इंग्रजीत माझं एवढं चांगलं वाक्य कधी झालं न्हाय. एका वाक्यासाठी, मास्तर. मी आणखी काय सांगू, मला माझी शिसारी येतीय.

आणि त्यानं वाचलंय. तुमी म्हणताय तसं शेवटपातूर वाचलंय. अकरा पानांत वर कोपऱ्यात त्यो एक शब्द, आणि बाकी कुटं लाल खूण न्हाय — फक्त हितं. हे बघा. चौकट आणि रूळ, ह्याच्या खाली रेघ. एक न्हाय, दोन. मी वाटेत दहा वेळा बघितलं, म्हटलं घामानं पुसली जाईल. न्हाय गेली. त्यानं सगळं वाचलंच नसंल, आशी मी मनाची समजूत घालत आलो. खरं तर त्याच्या मनात काय आसंल, एवढ्या पसाऱ्यात त्याला पायजे होतं ते सापडलं, बाकीचं ह्यानं उगंच लिहिलं, आसंच आसंल.

बसा वाईच. न्हाय, बसू नका. मी सगळं अजून सांगितलं न्हाय.

हेडक्लार्कनं अर्ज परत दिला तेव्हा सहज इचारल्यागत इचारलं, हे मास्तर कुटं राहतात? मी म्हणायला पायजे होतं, म्हातारीनं सांगितलं तसं लिहिलं, मला ठाऊक न्हाय. चार शब्द. तोंडात आले बी होते. पर दाराशी ते दोघं उभे, संगिनीवर ऊन चमकालेलं, आणि मी बोलाय लागलो. अर्धा घंटा बोललो, मास्तर. बाळीवेशीतनं आत आलं की डावीकडं पिठाची चक्की, तिच्याफुडं आड, आडाला लागून बोळ, बोळात तिसरं घर, दारावर निळी चौकट, वरच्या बाजूला शिवलिंग कोरलंय. त्यो इंग्रजी शिकलेला हेडक्लार्क टाक बुडवून बुडवून लिहून घेत होता. इचारलं बी न्हाय त्यानं, आणि मी सांगितलं, मागच्या अंगाला आणखी एक दार हाय, ते कोष्ट्याच्या बोळात उघडतंय. त्यानं टाक ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्याला बी वाईट वाटलं आसंल. आपल्यातलाच माणूस, बायका-पोरं त्याला बी हायत. मला म्हणाला, शिवलिंगप्पा, पुरे आता, घरी जा. साहेब तीनपातूर आराम करतात, त्यानंतरच गाडी निघंल. आता ते त्यानं मला का सांगितलं? मुद्दाम सांगितलं का? मला तसंच वाटतंय. मी तडक निघालो, हितं आलो, दोन वाजता पोचलो, आणि तुमी दार उघडलं, मला म्हणालात या या, काय काम काढलं? आणि मी म्हणालो, एका शब्दाचा अर्थ इचारायचाय.

तीनला पाच कमी हायत, मास्तर. मी एक तास शब्द इचारालोय.

मारा मला. मारा की, एक कानाखाली द्या. आसा खांद्यावर हात ठेवू नका, त्यानं मला जास्ती होतंय. वैनी काय उचलून न्यायल्यात ते मला दिसलं न्हाय. मी भिंतीकडं तोंड करून बसतो, हे बघा. मला काय दिसलं न्हाय, आवाज आला न्हाय, परसातल्या आडात काय पडलं का न्हाय मला ठाऊक न्हाय. फक्त शाईचा वास जाईना तवर ह्या खोलीत हिंग फोडणीला टाका म्हणावं. वैनी तुमच्याबरुबर — न्हाय? त्या हितंच राहणार? मग मी बी राहतो. त्यांना एकटं टाकून मी कसा जाऊ? मी माणूस भित्रा हाय, पर तेवढा न्हाय. म्हंजे हाय, पर बसतो.

आणि मायाप्पा. ते राहिलंच की. उद्याचा अर्ज एका पानाचा. मी मनात सारखं गाळालोय. वंदन गाळलं, मेंढरं गाळली, आजा गाळला, चिंचोके गेले, ताक गेलं. चौकट तर गेलीच. आता राहतंय काय? तुमचं नाव तेवढं राहतंय. त्यो तुमच्या घरी होता हे काढलं तर नुसता कोरा कागद राहतो, आणि त्यो पोरगा जातोय. आणि ठेवलं तर तुमी म्हणाल, एकदा माझी मान दिली ते पुरं न्हाय का? मी म्हणून इचारालोय. काढू का ठेवू? तुमी सांगाल ते करीन. कुटं चाललाव? टाक कशाला? तुमच्या हातानं? मास्तर, येळ न्हाय हो, मी लिहीन की घरी बसून, तुमी — बरं. लिवा.

झालं? एवढंच? वाचून दाखवा. चौकी जळाली त्या सकाळी नऊ ते साडेबारा मायाप्पा माझ्या घरी होता, हे मी शपथेवर लिहितो. आणि खाली सही. आणि पत्ता. एक ओळ हाय ही. अठ्ठावीस वर्षांत मी आसा अर्ज बघितला न्हाय. ह्यात काय घालावं म्हटलं तर काय घालता येत न्हाय. आज ते तुमाला धरतील-न धरतील, आणि तुमी सही करून देताय, मास्तर. त्या पोराचं तुमी कोण लागता? एक घोंगडं घेतलंत त्याच्याकडनं. बरं, बरं, गप बसतो. ही मी रुमालाच्या घडीत ठेवली. कानावर येतंय न्हवं ते, चक्कीपाशी? गाडीच हाय. मोटारच हाय. ही बोळात येत न्हाय, त्यांना आडापाशी उतरून चालावं लागंल.

मागचं दार न्हाय, मागचं दार मी सांगून बसलोय. माळवदावरनं जावा. शिडी कुटं हाय? चपला हातात घ्या, शेजारची म्हातारी दुपारची झोपलेली आसती. मी दारात बसतो. त्यांच्याबरुबर दुभाष्या आसंल, त्याला धरतो. या म्हणीन, बसा म्हणीन, सांगतो, पयल्यापासनं सांगतो, मास्तर कोण, त्यांचा बाप कोण, हे घर कंच्या साली बांधलं, भिंतीला माती कुटनं आणली. दुभाष्या दमंल इंग्रजी करता करता. मला तेवढंच येतंय. पळणं मला जमणार न्हाय. पर तोंड चालतंय.

कुटं उतरणार तुमी? कोष्ट्यांच्या माळवदावरनं का तेलंग्यांच्या — न्हाय. न्हाय मास्तर, सांगू नका. मी इचारलं ते चुकलं. मला विश्वासानं काय सांगू नका. मला जे ठाऊक आसंल ते सगळं त्या संगिनीफुडं माझ्या तोंडातनं पडंल, आज न्हाय तर उद्या, मला माझी खात्री हाय. मला ठाऊकच नसंल तर त्यांनी रातभर लिहून घेतलं तरी त्यात तुमी सापडणार न्हाय. वैनींना सांगितलं आसंल तर त्यांना बी म्हणा, माझ्याशी बोलू नका. आता तोंड कशाला उघडालाव? मला कळलं तुमाला काय म्हणायचंय ते. कळलं म्हणतो ना. हे बघा, मी कान झाकले.

जावा.